नाल्याच्या पाण्यासाठी प्लवक-तपासणी संच: जाळी दिमाखाची, काम बाटलीचं

वनस्पतिप्लवकांवरून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांवरून, पाण्याची प्रत ठरवण्याचा जो तयार संच महाविद्यालयांना, पर्यावरण गटांना आणि छोट्या प्रयोगशाळांना विकला जातो, त्याचं हे परीक्षण. प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या बहुतेक विक्रेत्यांकडे तो थोड्याफार फरकाने सारखाच असतो. कड्याला शिवलेली शंकूच्या आकाराची जाळी आणि तिच्या टोकाला लहान बाटली, लुगॉलचं द्रावण (नमुना टिकवणारं आयोडीन), थोडं फॉर्मॅलिन, ॲक्रिलिकची सेजविक-राफ्टर मोजपट्टी (पेशी मोजायची खड्ड्याची स्लाइड), दोन ड्रॉपर आणि पामर निर्देशांकाचा छापील तक्ता (कोणतं शैवाल सापडलं त्यावरून सेंद्रिय प्रदूषणाचे गुण देणारा). सूक्ष्मदर्शक आपला आपण आणायचा.

तळ्यासाठी किंवा धरणाच्या पाण्यासाठी संच ठीक आहे. नाल्यासाठी, सांडपाण्याच्या चरासाठी किंवा उसाच्या शेतातून निचरा होऊन येणाऱ्या पाण्यासाठी तो जसाच्या तसा वापरला, तर घाण पाणी स्वच्छ ठरण्याची दाट शक्यता आहे. दोष मुख्यतः जाळीचा, आणि नेमकी तीच संचातली सर्वांत मिरवणारी वस्तू.

जाळीचं कापड बहुतेक वेळा २५ नंबरचं असतं, म्हणजे छिद्र साधारण ६४ मायक्रॉनचं. आता शैवालं बघा. क्लोरेलाची पेशी २ ते १० मायक्रॉनची. क्लॅमिडोमोनास १०-२० मायक्रॉनच्या आसपास. सीनेडेस्मसची चार पेशींची वसाहतही आरामात पार होते. युग्लिना लांबीला ५० मायक्रॉन भरली तरी अंगाने बारीक आणि लवचीक, ती सुळकन निघून जाते. जाळीत अडकतात ते ऑसिलेटोरियाचे लांब धागे, पँडोरिनाचे मोठे गोळे, क्लॉस्टेरियम, मेलोसिराच्या साखळ्या. आता संचातलाच तक्ता उघडा. युग्लिना ५, क्लॅमिडोमोनास ४, सीनेडेस्मस ४, क्लोरेला ३, निट्झशिया ३, नॅव्हिक्युला ३, अँकिस्ट्रोडेस्मस २, सायक्लोटेला १. जाळीतून निसटू शकणाऱ्या या आठ प्रजातींचे गुण होतात २५, आणि तक्त्यात ‘सेंद्रिय प्रदूषण जास्त’ ही पायरी २० गुणांपासूनच सुरू होते. संचातली एक वस्तू दुसऱ्या वस्तूचा निकाल खोटा पाडते, ती अशी.

काही विक्रेते २० मायक्रॉनची नायलॉन जाळी देतात. ती बरी, पण नाल्यात तिची दुसरी अडचण होते. गाळ, साबणाचा चिकटा आणि तंतुमय जिवाणू यांनी ती काही मिनिटांत बुजते. जाळीतून गेलेलं पाणी कड्याचं क्षेत्रफळ गुणिले ओढलेलं अंतर या हिशोबाने मोजायचं, असं माहितीपत्रक सांगतं. बुजलेल्या जाळीतून पाणी जातच नाही, ते तोंडाशी अडून बाजूने वळतं, त्यामुळे तो हिशोब निव्वळ कागदावरचा राहतो. बादलीने मोजून पाणी ओतलं तर आकडा खरा येतो, मात्र बारीक शैवाल निसटायचं ते निसटतंच.

मग करायचं काय? एक लिटरची साधी रुंद तोंडाची बाटली घ्यायची. पृष्ठभागाखाली १५-२० सेंटिमीटरवर तोंड खाली करून बुडवायची आणि तिथे उलटी करून भरायची. वरचा हिरवा थर घ्यायचा नाही. युग्लिना दिवसा उजेडाकडे येऊन पृष्ठभागावर साय धरते. ती साय बाटलीत आली की मोजणी कित्येक पटींनी फुगते. रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच, कारण हे मैलापाणी आहे. संचात हातमोज्यांचा एक जोडसुद्धा नसतो, ही खटकणारी काटकसर.

जागेची निवड बाटलीपेक्षा महत्त्वाची. वेगाने वाहणाऱ्या नाल्यात प्लवक वाढायला वेळच मिळत नाही. तिथे मिळतं ते मुख्यतः तळाच्या दगडांवरून आणि काँक्रीटवरून सुटून आलेलं शैवाल. नमुना संथ डोहातून, बंधाऱ्यामागून किंवा नाला नदीला मिळण्याआधीच्या पसरट भागातून घ्यावा. स्लॅबखालच्या बंद गटारातून आणि जलपर्णीच्या गालिच्याखालून घेऊ नये. पुण्याच्या मुळा-मुठेवर किंवा इंद्रायणीवर जलपर्णी माजलेली असताना खाली उजेड पोचत नाही, म्हणून शैवाल कमी दिसतं. पाणी चांगलं असल्याचा तो पुरावा नव्हे. पावसाळ्यातला नमुना पातळ आणि गढूळ असतो. तुलना करायची तर फेब्रुवारी ते मे बरा, आणि प्रत्येक वेळी वेळ एकच ठेवावी, सकाळी ८ ते १० सोयीची.

लुगॉल ही संचातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू. प्रमाण १०० मिलिलिटर नमुन्याला ०.३ मिलिलिटर, म्हणजे एक लिटरला ३ मिलिलिटर. रंग फिक्या चहासारखा यायला हवा. नाल्याच्या पाण्यात मात्र हे प्रमाण पुरत नाही, कारण सेंद्रिय घाण आयोडीन खाऊन टाकते. तासाभराने बाटली पुन्हा पाहावी. रंग उडाला असेल तर तेवढंच आणखी घालावं. काळपट पाण्यात रंग कळत नाही, तेव्हा थोडं पाणी पांढऱ्या बशीत काढून पाहावं. १०० मिलिलिटरची बाटली कागदावर तेहतीस लिटर नमुन्यांना पुरते. नाल्याला दुप्पट-तिप्पट लागल्यावर ती अकरा-सोळा नमुन्यांतच संपते.

एक गोष्ट मुद्दाम तपासा. ‘आयोडीन द्रावण’ असं मोघम लिहिलेल्या बाटलीत ग्रॅम रंजनाचं (जिवाणू रंगवण्याच्या पद्धतीतलं) आयोडीन असू शकतं. त्यात ३०० मिलिलिटरला १ ग्रॅम आयोडीन असतं. प्लवकांसाठीच्या लुगॉलपेक्षा ते सुमारे चौदा पट पातळ. ओळखायची खूण सोपी: खरं लुगॉल बाटलीत जवळपास काळं दिसतं, ग्रॅमचं आयोडीन उजेडात धरलं की पारदर्शक तपकिरी. शंका आली तर घरीच करा. २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यातलं थोडं पाणी घेऊन त्यात २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा, मग १० ग्रॅम आयोडीन घाला, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं पाणी आणि २० मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. क्रम उलटा केला तर आयोडीन तळाशी खडे होऊन बसतं, कारण नुसत्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं. ठेवायचं गडद काचेच्या बाटलीत. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत आयोडीन भिंतीत मुरतं आणि द्रावण हळूहळू निकामी होतं.

संचातलं फॉर्मॅलिन बाजूला ठेवलेलं बरं. त्यात कशाधारी (पोहण्यासाठी शेपटीसारखे धागे, म्हणजे कशा, असलेल्या) पेशी फुटतात किंवा कशा गळून पडतात. मग क्लॅमिडोमोनास आणि क्लोरेला वेगळं ओळखणं मुश्किल. शिवाय त्याची वाफ आरोग्याला घातक आहे. लुगॉलमध्ये कशा बऱ्यापैकी टिकतात. हिरव्या शैवालातला स्टार्च गर्द निळा-काळा होतो. युग्लिनाचा साठा स्टार्चचा नसून पॅरामायलॉन या वेगळ्या पदार्थाचा असतो, त्याला आयोडीन रंगवत नाही. ओळख पटवायला एवढी खूण पुष्कळदा पुरते. तोटा इतकाच की लुगॉलमध्ये युग्लिना आकसून गोल होते. म्हणून ५० मिलिलिटर नमुना काहीही न घालता आणावा, बाटली अर्धी रिकामी ठेवावी आणि त्याच दिवशी जिवंत पाहावा. प्रजातींची यादी जिवंत नमुन्यावरून करायची, मोजणी लुगॉलच्या नमुन्यावरून.

पुढचं काम मेजरिंग सिलिंडरचं, आणि तो संचात नसतो. एक लिटर नमुना सिलिंडरमध्ये ४८ तास अंधारात, न हलवता ठेवायचा. मग बारीक नळीने वरचं पाणी सायफन करून काढायचं. नळीचं टोक वर वळवलेलं हवं, सरळ टोक तळाचा थर ओढून घेतं. साधारण ५० मिलिलिटर उरवायचं आणि अचूक किती उरलं ते लिहून ठेवायचं. मायक्रोसिस्टिससारखं शैवाल पोटातल्या वायुपुटिकांमुळे तळाला न जाता वरच तरंगतं. वर हिरवी रेघ दिसली तर सायफनआधी तीही मोजणीत घ्यावी लागते. आणि पाणी आधीच हिरवंगार असेल तर घट्ट करण्याच्या भानगडीत पडू नये. गाळाखाली पेशी झाकल्या जातात. तिथे उलट दहापट पातळ करावं लागतं.

आता मोजपट्टी. सेजविक-राफ्टर पट्टीचा खड्डा ५० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर खोल. मावतं १ मिलिलिटर. आखलेली असेल तर १००० चौकोन, प्रत्येकात एक हजारांश मिलिलिटर. संचातली पट्टी ॲक्रिलिकची असते आणि तिची खोली नेहमी बरोबर असेलच असं नाही. तपासणं सोपं आहे: रिकामी पट्टी कव्हरसकट वजन करा, ऊर्ध्वपातित पाणी भरून पुन्हा करा. २७ अंश सेल्सिअसला फरक सुमारे ०.९९७ ग्रॅम यायला हवा. ०.९ किंवा १.१ आला तर पट्टी परत पाठवायची, किंवा तो आकडा पट्टीवर लिहून हिशोबात धरायचा. ॲक्रिलिकवर अल्कोहोल किंवा ॲसिटोन लावू नये, बारीक तडे जातात. ओरखडेही लवकर पडतात, आणि सूक्ष्मदर्शकाच्या शंभर पटींत लांबट ओरखडा हुबेहूब डायटमसारखा (काचेसारखं कवच असलेल्या शैवालासारखा) दिसतो. काचेची पट्टी महाग आहे, पण नियमित काम करणाऱ्याने तीच घ्यावी.

भरताना कव्हर तिरपं ठेवायचं, एक कोपरा उघडा, आणि तिथून ड्रॉपरने हळू सोडायचं; पट्टी भरत येते तसं कव्हर आपसूक जागेवर फिरतं. कव्हर आधी बसवून कडेने भरायला गेलं की बुडबुडे अडकतात, आणि बुडबुडा म्हणजे कमी पाणी. भरल्यावर १५-२० मिनिटं स्थिर ठेवायचं.

पट्टीची खरी मर्यादा तिची खोली. एक मिलिमीटर पाणी आणि वर कव्हर, एवढ्यातून ४० पटींचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) तळापर्यंत फोकस होत नाही. खाली आणायला गेलं तर कव्हर फुटतं आणि भिंगालाही ओरखडा पडतो. १० चं ऑब्जेक्टिव्ह आणि १० ची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग), एकूण शंभर पट, इथेच थांबायचं. शंभर पटींत क्लोरेला म्हणजे हिरवा ठिपका. लहान निट्झशिया आणि नॅव्हिक्युला यांतला फरक सरावलेल्या डोळ्यालाही अवघड. म्हणून त्याच नमुन्याचा एक थेंब साध्या स्लाइडवर, २२ बाय २२ च्या कव्हरस्लिपखाली, ४० च्या ऑब्जेक्टिव्हने पाहून आधी नावं नक्की करायची, मग पट्टीत मोजायचं.

बारीक शैवालासाठी वेगळी पट्टी असते: ०.४ मिलिमीटर खोल, ०.१ मिलिलिटरची, उच्च ऑब्जेक्टिव्ह चालणारी. १९५४ मध्ये ती पामर आणि मॅलोनी यांनी सुचवली; संचातला तक्ता ज्याच्या नावाने छापलाय तोच हा पामर. त्याचा तक्ता द्यायचा आणि त्यासाठी लागणारी त्याचीच पट्टी द्यायची नाही, हा संचाचा विनोद म्हणायचा. पॅथॉलॉजी लॅबमधली न्यूबॉअर पट्टी पर्यायाने वापरतात, पण तिच्यात मधल्या मोठ्या चौकोनात फक्त एक दशहजारांश मिलिलिटर मावतं. एक पेशी दिसली की आकडा थेट १०,००० प्रति मिलिलिटर. ऑक्सिडेशन तळ्यातल्या (सांडपाणी शुद्ध करायच्या उथळ तळ्यातल्या) हिरव्या रसासाठी ठीक, बाकी ठिकाणी तिच्यावर विसंबू नये.

हिशोबात सर्वाधिक चुका होतात, आणि माहितीपत्रक इथे गप्प आहे. समजा एक लिटर नमुना ५० मिलिलिटरवर आणला. पट्टीतले १०० चौकोन मोजले, म्हणजे ०.१ मिलिलिटर, आणि त्यात युग्लिना ३० निघाल्या. घट्ट केलेल्या नमुन्यात त्या झाल्या ३०० प्रति मिलिलिटर. मूळ पाण्यात? ३०० गुणिले ५०, भागिले १०००, म्हणजे १५ प्रति मिलिलिटर. पामरच्या नियमाप्रमाणे प्रति मिलिलिटर ५० किंवा त्याहून जास्त असतील तरच ती प्रजात हजर धरायची. म्हणजे इथे युग्लिनाला शून्य. वीस पट घट्ट केल्याचा हिशोब विसरणाऱ्याने तिला पाच गुण देऊन टाकले असते. जाळी निकाल खाली ओढते आणि ही चूक वर, त्यामुळे दोन्ही केल्या तर आकडा कधीकधी योगायोगाने पटण्यासारखाही येतो. तो सर्वांत धोकादायक.

किती मोजायचं, हाही प्रश्न असतो. एका प्रजातीच्या १०० पेशी मोजल्या तर आकड्यात साधारण २० टक्के इकडे-तिकडे, ४०० मोजल्या तर १० टक्के. चार-पाच पेशींवरून निष्कर्ष काढू नये. मोजायचे चौकोन पट्टीच्या एकाच कोपऱ्यातले नकोत, सगळीकडून विखुरलेले हवेत.

तक्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक निकालपत्रात तोच आकडा टाकतात. पामरने १९६९ मध्ये १६५ लेखकांच्या नोंदी एकत्र करून सेंद्रिय प्रदूषण सहन करणाऱ्या शैवालांची क्रमवारी लावली आणि २० प्रजातींना गुण दिले. बेरीज २० किंवा वर गेली तर सेंद्रिय प्रदूषण जास्त, १५ ते १९ म्हणजे संभाव्य. संचातल्या तक्त्यावर मात्र खालच्या टोकाला ‘शुद्ध पाणी’ असं सर्रास छापलेलं असतं, आणि ते चूक आहे. कमी गुण म्हणजे सेंद्रिय प्रदूषणाची खूण सापडली नाही, एवढंच. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या पाण्यात तांबं-क्रोमियम असेल तर शैवालच मरतं, गुण शून्य. ताज्या काळ्या मैलापाण्यात उजेड शिरत नाही, जिवाणूंचे पांढरट झुबके असतात, शैवाल नाही. गुण पुन्हा शून्याजवळ. कोऱ्या स्लाइडला कधीही चांगला शेरा देऊ नये. एकूण पेशीसंख्या आणि गुण नेहमी शेजारी-शेजारी लिहावेत.

क्षार हा दुसरा आंधळा कोपरा. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात खारवट जमिनींतून निघणाऱ्या चरांचं पाणी सेंद्रिय घाणीने नव्हे तर क्षारांनी आणि खतांतल्या नायट्रेटने बिघडलेलं असतं. तिथे डायटम बोलतात, पण त्यांची जात ओळखायला कवचं आम्लाने साफ करून १०० चं तेल-ऑब्जेक्टिव्ह लागतं. हा संच तिथवर पोचत नाही. क्षार कळायला विद्युतवाहकता मोजणारं साधं पेन-मीटर सोबत ठेवावं. मुंबईत मिठी नदीच्या खालच्या भागात भरतीचं पाणी माहीमच्या खाडीतून आत येतं आणि सागरी डायटम सोबत आणतं. गोड्या पाण्याचा हा तक्ता तिथे लावायचाच नाही.

नावांचा गोंधळही आहे. तक्त्यावरचं ॲनासिस्टिस आज बहुतांशी मायक्रोसिस्टिस म्हणून पुस्तकांत सापडतं. सीनेडेस्मसच्या कित्येक जाती डेस्मोडेस्मसमध्ये गेल्या, मेलोसिराच्या काही ऑलाकोसिरामध्ये. गुण देताना जुन्या नावाखालीच धरावं, नाहीतर नवं पुस्तक वापरणाऱ्याचे गुण विनाकारण कमी भरतात.

एवढ्या मर्यादा असूनही ही तपासणी करावी का? जरूर. बीओडीची (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात ते मोजणारी) चाचणी २७ अंशांना तीन दिवस चालते आणि सांगते फक्त बाटली भरली त्या क्षणाचं. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत पुढे निघून गेलेलं असतं. संथ डोहातलं शैवाल मागच्या काही दिवसांचं पाणी पिऊन वाढलेलं असतं, ते अशी लपवाछपवी उघडी पाडतं. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायची असेल तर पामरचे गुण एकटे पाठवू नका. सोडलेल्या पाण्याची मर्यादा बीओडीच्या भाषेत आहे, नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारणपणे ३० मिलिग्रॅम प्रति लिटर. प्लवकांचा आकडा जोडपत्र म्हणून शोभतो.

खरेदी करताना पूर्ण संचाऐवजी सुटं साहित्य मागा. काचेची सेजविक-राफ्टर पट्टी, एक लिटरचे दोन सिलिंडर, गडद काचेच्या बाटल्या, लुगॉलचं सामान, स्टेज मायक्रोमीटर (सूक्ष्मदर्शकाखाली मापायची बारीक आखलेली पट्टी) आणि जमल्यास ०.४ मिलिमीटरची पट्टी. जाळी वगळली की त्याच पैशांत यातलं बरंचसं बसतं. विक्रेता संच फोडून द्यायला तयार नसेल तर निदान बिलावर जाळीच्या छिद्राचा आकार मायक्रॉनमध्ये लिहून घ्या, नुसता कापडाचा नंबर नको. आणि माल आल्यावर जाळीचा कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली धरून स्टेज मायक्रोमीटरने पाच-सहा छिद्रं मोजून बघा. ड्रॉपरचेही थेंब मोजा. एका मिलिलिटरला वीस थेंब हे पुस्तकातलं गणित आहे. संचातल्या ड्रॉपरचं तोंड रुंद असलं तर थेंब मोठा पडतो, आणि थेंबांवर बेतलेलं लुगॉलचं प्रमाणही त्याबरोबर बदलतं.